विकलेली गाडी दारात परत येते तेव्हा

जुनी गाडी विकणाऱ्याला सगळ्यात जास्त फोन येतात ते विक्रीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत. "भाई, सकाळी गाडी उचलत नाही." "चाचा, एसी थंडच करत नाही." "तुम्ही म्हणाला होतात एकदम मक्खन आहे, मग हे खालून ठकठक काय वाजतंय?" आमच्या घरात हा धंदा दोन पिढ्यांचा आहे. अब्बांनी गॅरेजपासून सुरुवात केली, आता आम्ही भावंडे गाड्या घेतो-विकतो. आपल्या समाजातली कितीतरी मुले मेकॅनिक, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग, सीटकव्हर अशा कामांतून वर येऊन गाड्यांच्या खरेदी-विक्रीत उतरतात. त्यांना गाडी कळते, हातात काम असते, ओळखीही असतात. गिऱ्हाइकाची तक्रार कशी ऐकायची हे मात्र त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि चांगला चाललेला धंदा बसतो तो बहुधा तिथेच. म्हणून हे चार शब्द. विकणाऱ्या भावांनी वाचावेत, तसे घेणाऱ्या घरांनीही, कारण तक्रार कशी करावी हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

नव्या गाडीच्या पाठीशी कंपनीची वॉरंटी असते. जुनी गाडी घेणाऱ्याच्या पाठीशी फक्त आमचा शब्द असतो. भिशी उचललेली असते, भाभीच्या बांगड्या मोडलेल्या असतात, भावाकडून उसने घेतलेले असतात. आमच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी ती एक, त्याच्या घरात मात्र ती एकुलती एक. त्यात घरातल्या कुणीतरी आधीच म्हटलेले असते, "जुनी गाडी घेऊ नका." मग आठव्या दिवशी ती बंद पडली की माणूस घरी तोंड कसे दाखवावे या विचाराने आमच्याकडे येतो. तो ओरडतो, पण आतून घाबरलेला असतो. हे ध्यानात आले की पहिली दहा मिनिटे आपोआप नीट जातात.

त्या दहा मिनिटांत एक वाक्य कधीही उच्चारू नये: "घेताना बघून घेतली होतीत ना?" बघून घेतली होती, हे त्यालाही माहीत आहे. पण त्याने बघितला रंग आणि सीटा, गिअरबॉक्स काही त्याला उघडून बघता येत नव्हता. त्याला बसवावे, पाणी द्यावे, आणि शेजारच्या दोन दलालांना मध्ये बोलू देऊ नये. बाजारात हा एक वाईट रोग आहे. गिऱ्हाईक भांडायला आले की आजूबाजूचे सगळे जमतात आणि त्याला समजावू लागतात. एकट्या माणसाला पाचजणांनी समजावले तर तो समजत नाही, पोलीस चौकीवर जातो.

आम्ही एक साधी वही ठेवली आहे. तारीख, मीटरवर किती किलोमीटर झाले, गाडी कोण चालवत होते, आणि तक्रार त्याच्याच शब्दांत. हा 'त्याच्याच शब्दांत' भाग महत्त्वाचा. 'इंजिन प्रॉब्लेम' असे लिहून काही कळत नाही. "घाटात चौथ्या गिअरला इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे जात नाही" असे लिहिले की निम्मे निदान तिथेच झाले, क्लचप्लेट घसरते आहे. "स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडे ठक वाजते" म्हणजे लिंक रॉड किंवा बुश, काम किरकोळ. मग त्यालाच गाडी चालवायला लावून आम्ही शेजारी बसतो. आमच्या पोराने चालवली की गाडी कधी वाजतच नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटते हे आपल्याला खोटे पाडत आहेत. तो ज्या रस्त्याने, ज्या वेगाने नेतो, तसेच नेल्यावर दोष सापडतो.

तक्रारींना मोसमही असतो, हे धंद्यात नव्याने पडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. जानेवारीत विकलेल्या गाडीचा एसी कुणी नीट तपासलेला नसतो, तो फोन मार्चमध्ये येतो. वायपर, काचेच्या रबरातून गळणारे पाणी, हेडलाइट यांचा फोन जूनमध्ये. मे महिन्यात सुटीला सगळे घर घाट उतरून कोकणात जाते, येताना गाडी गरम होते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतलेले असते, आतून गंज धरतो, आणि सहा माणसे व सामान घेऊन चढताना हेड गॅस्केट जाते. ही सगळी दुखणी विकण्याच्या दिवशी गाडीत होतीच. म्हणून थंडीतही एसी अर्धा तास चालवून बघावा, उन्हाळ्यातही पाण्याचा पाइप काचेवर धरावा.

आता मुख्य प्रश्न: दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा? आम्ही प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारतो. विकताना हा दोष आम्हाला माहीत होता का?

काही गोष्टी झिजणाऱ्याच असतात. टायर, बॅटरी, ब्रेकपॅड, क्लच. त्यांच्यावरून भांडण होते ते आधी न सांगितल्यामुळे. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आम्ही हे आकडे, बॅटरीची तारीख आणि क्लच कितपत राहिला आहे याचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो. एका शाळामास्तरांना आम्ही लिहून दिले होते की क्लच सहा महिने काढेल. तो चौथ्या महिन्यात गेला. ते चिठ्ठी घेऊनच आले, पण भांडायला नाही. स्वस्तात कुठे होईल ते विचारायला आले होते. चिठ्ठी नसती तर हेच सर आमच्या नावाने गावभर बोलले असते, आणि त्यात त्यांची चूकही नसती.

दुसरा प्रकार म्हणजे जो दोष आम्हालाही माहीत नव्हता आणि त्यांनाही नाही. एक टॅक्सीवाला भाऊ सहाव्या दिवशी आला, गिअरबॉक्स गेलेला. त्याची रोजची कमाई बंद, बँकेचा हप्ता पाच तारखेला. अशा वेळी निकाल कुणी द्यायचा? आमचा मिस्त्री आमच्या बाजूने बोलणार, त्याचा मिस्त्री त्याच्या. आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्या गॅरेजला गाडी दाखवली, उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढले. आमचा रिवाज असा की पहिल्या महिन्यात किंवा हजार किलोमीटरच्या आत इंजिन-गिअरबॉक्सचे काम निघाले तर सुटे भाग निम्मे-निम्मे आणि मजुरी आमची. टॅक्सीवाल्याला आम्ही चार दिवस दुसरी गाडीही दिली असती, पण खासगी नंबरची गाडी टॅक्सीत चालवणे बेकायदा, म्हणून तेवढे जमले नाही. काम मात्र चौथ्या दिवशी संध्याकाळी हातात दिले. तारीख सांगायची आणि पाळायची. "बघतो", "करतो", "आज मिस्त्री आला नाही" या तीन उत्तरांनी गिऱ्हाईक जितके चिडते तितके बिघाडानेही चिडत नाही.

तिसरा प्रकार, आम्हाला माहीत होते आणि सांगितले नाही. इथे निम्मे-निम्मे असा हिशेबच नाही. पूर्ण पैसे परत, नाव बदलायला त्याने केलेल्या खर्चासकट. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतले ओले धान्य बाहेर काढले आणि हे वर का ठेवले नाहीस असे विकणाऱ्याला विचारले, ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. फिकहमध्ये तर यासाठी वेगळे प्रकरणच आहे. मालात लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा अधिकार, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. 'काही दोष निघाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशी अट आधी घातली तर ती कुठपर्यंत चालते, यावर हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. कोकणातली बहुतेक घरे शाफई, घाटावरची बहुतेक हनफी, म्हणून ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. जाणूनबुजून लपवणे मात्र दोन्हीकडे गुनाहच. बाजारात पावतीवर सर्रास 'जशी आहे तशी' असे छापलेले असते. ते शब्द न दिसलेल्या दोषासाठी असतील, आपण रंग मारून झाकलेल्या दोषासाठी नाहीत. सौदा पक्का करताना तीन दिवसांची मुदत ठेवण्याची सोयही फिकहमध्ये आहे. खियार-ए-शर्त. आम्ही ती वापरतो. तीन दिवसांत गाडी आवडली नाही तर टोकन कापून न घेता परत. आजवर फार थोड्या गाड्या अशा परत आल्या, पण ही मुदत आहे म्हटल्यावर माणूस निवांत झोपतो. आणि एक गोष्ट, गाडी विकताना कसम खाऊ नये. कसम खाणाऱ्याकडून आम्हीही गाडी घेत नाही.

झाकलेल्या दोषांत सगळ्यात घातक म्हणजे पुरात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसानंतर, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरानंतर, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले त्यानंतर, प्रत्येक वेळी अशा गाड्या बाजारात फिरल्या. विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' ठरवते, ती लिलावात जाते, कुणीतरी घेऊन धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर घालून दूरच्या जिल्ह्यात विकते. पहिले दोन-तीन महिने ती छान चालते. मग वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज चढतो, कधी काच खाली होत नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी रात्री हायवेवर गाडी एकदम बंद. अशी गाडी दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो, एक जोड केला की दुसरा जातो. तपासायची असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट, स्टेपनीची जागा, डॅशबोर्डखालचा लोखंडी सांगाडा बघा. काच बंद करून गाडी उन्हात उभी ठेवा आणि दार उघडून वास घ्या. अत्तराची बाटली आत लावलेली असेल तर जास्तच शंका घ्या. अशा गाडीची तक्रार घेऊन कुणी आले आणि या खुणा सापडल्या, तर विकणाऱ्याने वाद न घालता गाडी परत घ्यावी आणि आपल्याला ज्याने दिली त्याच्याकडे जावे. ब्रेक लावताना वायरिंग जळालेल्या गाडीत मुले बसलेली असतात.

मीटर मागे फिरवण्याचेही तसेच. मीटर डिजिटल झाल्यामुळे हे थांबेल असे वाटले होते, थांबले नाही. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदलेले असतात. गिऱ्हाईक पहिल्या सर्व्हिसला तिथे गेले की खरा आकडा बाहेर येतो. म्हणून आम्ही खरेदी करतानाच ती नोंद काढून ठेवतो. मीटरवर पस्तीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, असे दिसले तर गाडी घेतच नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्याशी रकमेची घासाघीस करू नये, हा सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे.

याच्या उलटही होते. गाडीत दोष नसतो, वापर जुळत नसतो. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारे फिल्टर असते. गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटे चांगल्या वेगाने चालली, तरच ती काजळी आत जळून साफ होते. एक भाभी रोज मुलांना शाळेत सोडायला दीड किलोमीटर गाडी नेत, परत आणत. दोन महिन्यांत दिवा लागला. त्यांना वाटले फसवले. आम्ही त्यांना बरोबर घेऊन हायवेवर अर्धा तास गाडी चालवली, दिवा गेला. पण तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. त्यांचा वापर बदलणार नव्हता, म्हणून ती डिझेल परत घेऊन त्यांना पेट्रोल गाडी दिली, फरकाचा हिशेब कागदावर मांडून. तेव्हापासून प्रत्येकाला आधी विचारतो, रोज किती चालवणार, घाट लागतो का, गाडी चालवणार कोण.

'चालवणार कोण' हा प्रश्न आपल्या घरांत फार मोलाचा आहे. कुवेत, कतार, दुबई, सौदीला असलेले भाऊ महिन्या-दोन महिन्यांच्या रजेवर येतात, घाईत गाडी घेतात आणि परत जातात. तक्रार येते ती घरच्या भाभींकडून किंवा वयस्कर अब्बांकडून. अशा वेळी "मिस्टरांना फोन करायला सांगा" असे उत्तर देणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर उभ्या होत्या त्या भाभी. काय झाले ते त्यांनाच माहीत, तिकडे दुबईत बसलेल्या माणसाला नाही. आम्ही व्हॉट्सॲपवर भाभी, त्यांचे मिस्टर आणि आम्ही असा एकच ग्रुप करतो, बिघाडाचा फोटो आणि खर्चाचा अंदाज तिथेच टाकतो. नाहीतर दोन देशांतून दोन वेगवेगळे व्हॉइस मेसेज येतात आणि नवराबायकोच्या भांडणात मिस्त्री सापडतो.

नातलगांची तक्रार तर तोंडावर येतच नाही. ती वलीम्याच्या दस्तरखानावर तिसऱ्याच्या कानात पडते, तिथून चौथ्याकडे, आणि आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा क्लचचे इंजिन झालेले असते. म्हणून दहाव्या दिवशी आम्हीच फोन करतो. "गाडी कशी चालते?" बाजारातले मित्र हसतात, म्हणतात झोपलेल्याला जागे कशाला करता. हसू देत. दहाव्या दिवशी सांगितलेली ठकठक दोनशे रुपयांत जाते.

इंजिनाच्या तक्रारी दिसतात तरी. कागदांच्या तक्रारी वर्षभराने दिसतात. विकणाऱ्याने सौद्यानंतर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवणे म्हणजे नाव बदलणे नव्हे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात स्पष्ट केले आहे. गाडी दोन-तीन हातांतून पुढे गेली होती, तरी आरसीवर ज्याचे नाव होते त्यालाच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरले. विमाही चौदा दिवसांत नव्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीला चिकटलेला नसतो, हे विकतानाच सांगावे. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्यांचे तर विचारू नका. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून त्या इकडे येतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स नसेल तर स्वस्ताईचा हिशेब उलटा होतो. आणि बँकेचे कर्ज फिटले तरी आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ दिल्याशिवाय उतरत नाही.

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आहेत. आरटीओकडून डीलर म्हणून अधिकारपत्र घेता येते, मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद होते आणि पुढची जबाबदारी डीलरवर येते. आमच्या धंद्यातले पुष्कळ जण याला घाबरतात. आम्हाला वाटते, कागदांच्या निम्म्या तक्रारी यानेच मिटतील. गाडी आमच्या यार्डात उभी असताना कोणी चालवली, हा वादच उरत नाही.

आणि सगळे करूनही जमले नाही तर? घेणाऱ्याने आधी लेखी कळवावे, व्हॉट्सॲपवरही चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. चिठ्ठी, पैसे दिल्याची नोंद, तिसऱ्या गॅरेजचा अहवाल, फोटो एकत्र ठेवावेत. दोष लिहून घेतल्याशिवाय गाडी उघडू नये, नाहीतर पुरावाच जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आता राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी घेणाराही तिथे ग्राहकच धरला जातो. मात्र शेजाऱ्याने आपली घरची गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही, तिथे हा दरवाजा सहसा उघडत नाही. जे ठरले ते दोघांनी आधीच लिहून ठेवलेले बरे. विकणाऱ्या भावांनी आयोगाची नोटीस आली म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणे बंद करू नये. निकालाआधी तडजोड करता येते, आणि ती करताना दोघांच्या सह्यांचा कागद करावा: काय दिले, काय घेतले, गाडी कुणाकडे राहिली, आणि आरसीवर नाव कुणाचे.